एका पानात तुमचा खेळ: नवोदित फुटबॉलपटूने सीव्ही कसा लिहावा

नुसता सीव्ही वाचून कुणी कुणाला संघात घेत नाही. सीव्ही वाचून कोच किंवा स्काऊट (क्लबसाठी खेळाडू हेरणारा) फार तर एवढंच ठरवतो, की या पोराचा किंवा पोरीचा खेळ बघायला वेळ काढायचा की नाही. तेवढा होकार मिळवणं हेच त्या पानाचं काम. हे डोक्यात बसलं की काय लिहायचं आणि काय गाळायचं याचे निम्मे प्रश्न सुटतात. जे वाचून कुणी तुमची क्लिप उघडणार नाही, ते पानावर नको.

मी हे वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितोय. ट्रायलच्या (निवड चाचणीच्या) आधी येणारे ईमेल चाळायचं काम काही हंगाम माझ्याकडे होतं. हे काम कुणी टेबलाशी निवांत बसून करत नाही. सराव संपलेला असतो, एका हाताने बुटाची लेस सोडत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर ईमेल वर सरकत असतात. तिथे चार पानी सीव्ही, उघडायला मिनिटभर घेणारी फाइल आणि 'लहानपणापासून फुटबॉल हेच माझं स्वप्न' हे वाक्य, तिन्ही गोष्टी सारख्याच जड जातात.

आधी वही, मग सीव्ही

लिहायला बसण्याआधी मागच्या दोन हंगामांचे सामने एका कागदावर उतरवा. तारीख, प्रतिस्पर्धी, स्पर्धा, कुठल्या जागेवर खेळलात, किती मिनिटं, निकाल, गोल, असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास), कार्डं. आठवून लिहिलेले आकडे हमखास फुगतात, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. मैत्रीपूर्ण सामन्यातला गोल आणि लीगमधला गोल आठवणीत एकत्र होतात, एवढंच. संघाच्या मॅनेजरकडे किंवा कोचकडे सामन्याचे कागद असतात, लीगच्या संकेतस्थळावर निकाल असतात. तिथून ताडून घ्या. पुढच्या हंगामापासून प्रत्येक सामन्यानंतर त्याच रात्री एक ओळ लिहायची सवय लावा, म्हणजे ही खटपट पुन्हा करावी लागणार नाही.

पानाचा वरचा भाग

नाव, जन्मतारीख, उंची, वजन, कुठल्या पायाने खेळता, खेळायची जागा, नागरिकत्व, सध्याचा क्लब, करार कधी संपतो, फोन, ईमेल आणि व्हिडिओची लिंक. हे सगळं मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे.

वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. 'वय १७' असं लिहिलेला सीव्ही दोन वर्षं तसाच फिरत राहतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की हा पोरगा आता कुठल्या वयोगटात बसतो. उंचीत दोन-तीन सेंटिमीटरची भर घालायचा मोह गोलरक्षकांना आणि सेंटर-बॅकना (मधल्या बचावपटूंना) फार होतो. ट्रायलच्या दिवशी पट्टी भिंतीलाच लावलेली असते.

कराराची तारीख बहुतेक नवे खेळाडू लिहीतच नाहीत, आणि वाचणाऱ्याची नजर नेमकी तीच शोधत असते. फिफाच्या नियमानुसार व्यावसायिक खेळाडूच्या कराराचे शेवटचे सहा महिने उरले, की तो दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा असतो. बोलणी सुरू करण्याआधी मात्र नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं. म्हणजे 'करार ३० जून २०२६ पर्यंत' या एका ओळीवरून समोरच्याला कळतं, की तुम्ही करार करायला कधी मोकळे आहात आणि आधी तुमच्या क्लबला पत्र पाठवायचं का. करार नसेल तर 'हौशी खेळाडू, करार नाही' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही, उलट काम सोपं होतं.

नागरिकत्वाचंही तसंच. दोन देशांचे पासपोर्ट असतील तर दोन्ही देशांची नावं लिहा, कारण परदेशी खेळाडूंच्या संख्येवर अनेक लीगमध्ये मर्यादा असते. पासपोर्टचा नंबर मात्र सीव्हीवर कधीही टाकू नका. घरचा पूर्ण पत्ताही नको, गावाचं किंवा शहराचं नाव पुरे. खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर संपर्कासाठी पालकांचा फोन द्या.

फोटो एकच, छातीपर्यंतचा, साधा. गोल केल्यानंतर गुडघ्यांवर घसरतानाचा फोटो मित्रांसाठी ठेवा.

खेळायची जागा आणि त्याखालच्या तीन ओळी

सगळ्यात जास्त सीव्ही इथे वाया जातात. 'डिफेन्स, मिडफिल्ड, विंग, कुठेही खेळू शकतो' हे लिहिणाऱ्याला वाटतं की आपण सहा दारं उघडली. वाचणाऱ्याला वाटतं, याची जागा अजून ठरलेली नाही. क्लब शोधत असतो तो एक लेफ्ट-बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) किंवा एक सहा नंबर (बचावासमोरचा मिडफिल्डर). म्हणून मुख्य जागा एक आणि दुसरी जागा फार तर एक. दुसरीही अशी, की जिथे तुम्ही अधिकृत सामन्यात खरोखर खेळला आहात.

त्याखाली तीन ओळींत तुमचा खेळ सांगा. मला येणाऱ्या दहांतल्या आठ सीव्हींमध्ये साधारण हे असायचं:

'मी मेहनती, शिस्तप्रिय व जिद्दी खेळाडू असून संघासाठी जीव तोडून खेळतो.'

हे वाक्य गोलरक्षकाचं आहे की स्ट्रायकरचं, सांगता येईल? आता हे वाचा (४-३-३ ही संघाची मांडणी, कटबॅक म्हणजे गोलरेषेजवळून मागे दिलेला पास):

'लेफ्ट-बॅक, डावखुरा, गरजेला लेफ्ट विंग-बॅक. ४-३-३ मध्ये विंगरच्या बाहेरून धावून कटबॅक देणं ही ताकद. मागच्या हंगामातल्या ७ असिस्टपैकी ५ तशाच आल्या. हेडिंग ठीक, उजव्या पायाने लांब पास अजून कच्चा.'

दुसऱ्यात एक चित्र उभं राहतं. कोचला कळतं की हा पोरगा कुठून धावत येतो आणि चेंडू कुठे टाकतो. शेवटची ओळ वाचून काही जण दचकतात: स्वतःची कमतरता स्वतःच लिहायची? लिहायची, पण एकच, आणि तीही सुधारता येईल अशी. पहिल्या दहा मिनिटांत कोचला ती दिसणारच असते. तुम्ही आधीच सांगितली, तर तुम्हाला स्वतःचा खेळ कळतो एवढं तरी त्याला समजतं. 'दमसास कमी पडतो' असं मात्र लिहायची वेळ आली असेल, तर सीव्ही महिनाभर बाजूला ठेवा आणि धावायला लागा.

हंगामांचा हिशेब

अलीकडचा हंगाम सर्वांत वर, जुने खाली. तीन हंगाम पुरेत. एक ओळ अशी दिसावी:

'२०२४-२५ | क्लबचं नाव, १९ वर्षांखालील संघ | प्रादेशिक लीग, दुसरी श्रेणी, १२ संघांत चौथा क्रमांक | २० सामने, १६ सुरुवातीपासून | १,४६८ मिनिटं | २ गोल, ७ असिस्ट | ३ पिवळी कार्डं'

यातल्या दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे मिनिटं. '१४ सामन्यांत ५ गोल' हे बरं दिसतं, पण ते १४ सामने मिळून ६१२ मिनिटंच खेळला असाल, तर हिशेब दर ९० मिनिटांमागे ०.७४ गोलांवर जातो आणि तोच खेळाडू एकदम लक्षात राहतो. उलट, २५ सामने लिहायचे आणि त्यातले २० शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर उतरून झालेले, हेही मिनिटांमुळेच उघडं पडतं.

दुसरी सुटणारी गोष्ट लीगचा दर्जा. तुमच्या लीगचं नाव तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असेल, पण दोनशे किलोमीटरवरच्या स्काऊटला त्यातून काहीच कळत नाही. ती कितव्या श्रेणीची आहे, वयोगट कुठला, संघ किती आणि तुमचा संघ कितवा आला, हे चार शब्दांत लिहा. दर्जा खालचा आहे म्हणून लपवायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबने २०१२ मध्ये स्ट्रायकर जेमी वार्डीला घेतलं ते फ्लीटवुड टाउनकडून, आणि त्याआधीच्या हंगामात त्याने केलेले ३१ लीग गोल इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीतले होते. 'पाचवी श्रेणी' आणि '३१' हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेलं असलं, की वाचणारा आपलं गणित आपण मांडतो.

बचावपटू आणि बचावात्मक मिडफिल्डर विचारतात, आमचे गोलच नाहीत, मग लिहायचं काय? सुरुवातीपासून खेळलेले सामने, सलग किती सामने, तुम्ही पूर्ण खेळलात त्यातल्या क्लीन शीट (संघाने एकही गोल न खाल्लेले सामने), कप्तानपद, आणि कार्डांची संख्या. पूर्ण हंगामात दोनच पिवळी कार्डं घेतलेला सेंटर-बॅक ही मोठी गोष्ट आहे, ती मिरवा. गोलरक्षकाने क्लीन शीटबरोबर स्वीकारलेले गोलही लिहावेत. तळाच्या संघाकडून खेळताना २० सामन्यांत ३४ गोल खाल्ले तरी संघ कितवा होता हे शेजारीच लिहिलेलं असतं, जाणकाराला ते दिसतं.

मधला एखादा हंगाम रिकामा असेल तर तो रिकामा ठेवू नका. 'ऑक्टोबर २०२३ ते ऑगस्ट २०२४: उजव्या गुडघ्याची एसीएल शस्त्रक्रिया, सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण सराव' एवढी ओळ पुरते. नाहीतर वाचणारा स्वतःच्या मनाने ती जागा भरतो, आणि कधीही चांगल्या गोष्टीने भरत नाही. परीक्षा होती, घरची अडचण होती, तर तसं लिहा.

क्लबांची नावं आणि वर्षं अचूक हवीत, याला आणखी एक कारण आहे. खेळाडू व्यावसायिक म्हणून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, की त्याला वयाच्या १२ ते २१ या काळात घडवणाऱ्या क्लबांना भरपाई देण्याची तरतूद फिफाच्या नियमांत आहे. त्यामुळे तुम्ही कुठल्या वर्षी कुठे नोंदलेले होतात याचा हिशेब कधीतरी कुणीतरी काढतोच. एका हंगामात पाच क्लब लिहिणाऱ्यांनीही सावध व्हावं. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची नोंदणी एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होते, आणि अधिकृत सामने साधारणपणे त्यातल्या दोघांकडूनच खेळता येतात. कुठल्याशा क्लबच्या सरावाला आठवडाभर गेलात, तर ती 'ट्रायल' झाली. त्याला 'क्लब' म्हणू नका.

शारीरिक चाचण्या

असतील तर द्या, नसतील तर सोडा. १० आणि ३० मीटरची धाव, उभी उडी, यो-यो चाचणीची (दमसास मोजणाऱ्या धावण्याच्या चाचणीची) पातळी. प्रत्येक आकड्यापुढे महिना आणि वर्ष लिहा, आणि वेळ स्टॉपवॉचने घेतली की इलेक्ट्रॉनिक गेटने, तेही. हाताने घेतलेली वेळ जरा कमीच भरते, त्यामुळे दोन्हींची तुलना होत नाही.

व्हिडिओ

खरं सांगायचं तर सीव्हीचं पान हे व्हिडिओच्या लिंकचं वेष्टन आहे. त्यामुळे निम्मी मेहनत इथे गेली पाहिजे.

तीन-चार मिनिटं पुरे. सुरुवातीला पाच सेकंद नाव, जन्मवर्ष, जागा, जर्सीचा रंग आणि नंबर. मग लगेच खेळ. सगळ्यात चांगल्या पाच क्लिप पहिल्या मिनिटात टाका. शेवटासाठी काही राखून ठेवलंत, तर ते बहुधा कुणी बघणार नाही. प्रत्येक क्लिप चेंडू तुमच्याकडे यायच्या तीन-चार सेकंद आधी सुरू करा, तिथे क्षणभर चित्र थांबवून तुमच्याभोवती गोल काढा, आणि मग सोडा. हे तीन-चार सेकंद फार मोलाचे असतात. पास येण्याआधी तुम्ही मान वळवून मागे पाहिलंत का, अंगाची दिशा आधीच वळवली होती का, हे जाणकार तिथेच बघतो. चेंडू पायात आल्यावर कौशल्य पुष्कळांकडे असतं.

संगीत नको, स्लो-मोशन नको. एकच गोल तीन कोनांतून नको. मोबाइल आडवा धरा, जमेल तेवढ्या उंचीवरून, मध्यरेषेच्या आसपास. झूम कमी ठेवा, म्हणजे तुमच्या आजूबाजूचे सात-आठ खेळाडू चौकटीत राहतील.

जागेप्रमाणे क्लिप निवडा. स्ट्रायकरने नुसते गोल जोडू नयेत. बचावपटूंच्या मधून काढलेली धाव, पाठ गोलकडे असताना धरून ठेवलेला चेंडू, प्रेसिंग (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर टाकलेला दबाव), हेही हवं. सेंटर-बॅककडून एकास-एक झुंज, हेडर, आणि दबावाखाली पुढे काढलेला पास. गोलरक्षकाने हवेत सूर मारून केलेल्या बचावाची दृश्यं टाकावीतच, पण क्रॉसवर बाहेर येणं आणि पायाने खेळ सुरू करणं हे नसेल तर आजच्या कोचला अर्धाच गोलरक्षक दिसतो. आणि प्रत्येकाने एक क्लिप अशी टाकावी, ज्यात चेंडू तुमच्याकडून गेला आणि तुम्ही मागे धावून तो परत मिळवला. मला स्वतःला दहा ड्रिब्लिंगपेक्षा ती एक क्लिप जास्त काही सांगून जाते.

याशिवाय एका पूर्ण सामन्याची लिंक द्या, आणि तो सामना तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम असायची गरज नाही. पूर्ण सामन्यात काय सापडेल याचा नेम नसतो. लेस्टरसाठी खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत ल हाव्र संघाचा खेळ बघायला गेले होते ते रायन मेंडेस या विंगरसाठी. नजरेत भरला तो त्याच संघातला रियाद महरेझ. जानेवारी २०१४ मध्ये लेस्टरने त्याला घेतलं आणि २०१६ मध्ये तो संघ प्रीमियर लीग जिंकला.

लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलेला व्हिडिओ लिंक असलेल्या कुणालाही दिसतो. ड्राइव्हच्या लिंकवर 'परवानगी मागा' असा निरोप आला, की वाचणारा परवानगी मागत बसत नाही, पुढच्या ईमेलवर जातो.

शिफारस आणि खरेपणा

दोन नावं द्या: सध्याचा कोच आणि आधीचा एखादा. हुद्दा, क्लब, फोन. आणि देण्याआधी त्यांना विचारा. मी एकदा सीव्हीवरच्या नंबरला फोन लावला, खेळाडूचं नाव सांगितलं, आणि पलीकडून प्रश्न आला, 'कोण म्हणालात?' पोरगा कदाचित खरंच त्यांच्याकडे खेळला असेल, चार वर्षांपूर्वी, चाळीस जणांच्या गटात. पण पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

थापा किती लांब जाऊ शकतात याचं फुटबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अली डिया. १९९६ मध्ये साउदॅम्प्टन या इंग्लिश क्लबचे मॅनेजर ग्रॅमी सूनेस यांना एक फोन आला. बोलणारा म्हणाला, मी जॉर्ज वेआ, माझा चुलतभाऊ सेनेगलसाठी खेळलाय, त्याला बघा. वेआ तेव्हा आदल्या वर्षीचा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेता. फोन खोटा होता. संघात दुखापती होत्या, डियाला अल्प मुदतीचा करार मिळाला, आणि लीड्सविरुद्ध मॅट ल टिसिए जखमी झाल्यावर तो पहिल्या हाफमध्येच मैदानात उतरला. बदली म्हणून आलेल्या त्या खेळाडूलाच सामना संपायच्या आत पुन्हा बदलावं लागलं. आता क्लबांकडे सामन्यांच्या नोंदी आणि व्हिडिओ हाताशी असतात, त्यामुळे एवढी मजल कुणी मारू शकत नाही. छोटी थाप मात्र अजूनही चालते असं खेळाडूंना वाटतं, विशेषतः वयाची. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मदाखला तपासला जातो, आणि तिथे सापडलेला खेळाडू बंदी ओढवून घेतो.

पाठवायचं कसं

फाइल पीडीएफ, एक पान, आकार दोन एमबीच्या आत. नाव 'सीव्ही फायनल नवीन २' नको. आडनाव, जागा आणि जन्मवर्ष असू द्या. ईमेलच्या विषयात 'लेफ्ट-बॅक, डावखुरा, जन्म २००७, १ जुलैपासून उपलब्ध'. आत चार ओळी: तुम्ही कोण, याच क्लबला का लिहिताय, व्हिडिओची लिंक, आणि कधी ट्रायलला येऊ शकता. 'याच क्लबला का' या ओळीसाठी त्यांचे दोन सामने बघा. त्यांचा पहिला लेफ्ट-बॅक ३३ वर्षांचा आहे आणि मागे दुसरा कुणी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल तर तुम्हाला लिहायला खरोखर काहीतरी आहे. सत्तर क्लबांना एकाच वेळी, सगळ्यांचे पत्ते दिसतील अशा रीतीने पाठवलेला ईमेल कुठे जातो ते सांगायला नको. वेळही बघा: ट्रान्सफर विंडो (क्लबांना नवे खेळाडू नोंदवता येतात तो काळ) बंद व्हायच्या आठवड्यात नवोदितांचे ईमेल कुणी उघडत नाही, ती उघडायच्या सहा-आठ आठवडे आधी पाठवा.

सीव्ही फिरायला लागला की काही भलते फोनही येतात. पैसे भरा, परदेशात ट्रायल लावून देतो. ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांत एजंट म्हणून काम करायला फिफाचा परवाना लागतो, तो परीक्षा देऊन मिळतो, आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. फोन ठेवा आणि आधी ते नाव शोधा. १८ वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली तर फिफाने मुळातच निषिद्ध ठरवली आहे. अपवाद मोजके, जसे की आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर. तेव्हा सोळाव्या वर्षी परदेशी क्लबचा करार हातात ठेवणाऱ्या माणसाला, तो यातला कुठला अपवाद दाखवणार आहे, एवढंच विचारा.

उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदाच लिहा, आणि त्यात काहीतरी नवं असू द्या: 'मागच्या ईमेलनंतर चार सामने झाले, चारही पूर्ण खेळलो, शेवटच्या सामन्याची लिंक सोबत.' तेवढ्यासाठी सीव्हीतले आकडेही त्याच दिवशी बदला, आणि पानाच्या खाली कोपऱ्यात तो कधीपर्यंतचा आहे ती तारीख टाका.